कल्याणच्या नावाचं एक अक्षर

कल्याण म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं, दुर्गाडी किल्ला आठवतो, आनंदीबाई जोशींचं जन्मगाव म्हणूनही ते आठवतं. रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबाच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमचा एक निराळा, कमजोर नमुना सापडला आणि संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘जीसिक्सपीडी कल्याण’. असाच एक नमुना १९६८ मध्ये ‘केरळ’ या नावाने नोंदवला गेला होता. डीएनए वाचायची सोय तेव्हा नव्हती. एन्झाइम किती वेगाने काम करतं, किती उष्णता सोसतं, अशा मोजमापांवरून दोन नमुने वेगळे ठरले होते. १९९२ मध्ये प्रत्यक्ष जनुक वाचलं तेव्हा उलगडा झाला की दोन्हीकडे चूक एकच आहे. जनुकातल्या ९४९ व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ पडला आहे, आणि त्यामुळे ५१५ दुव्यांच्या प्रथिनात ३१७ वा दुवा बदलला आहे. आता जगभर त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात.

एवढ्याशा बदलाने माणसाला काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. अशी व्यक्ती शाळेत जाते, होडी वल्हवते, संसार करते, म्हातारी होते, आणि आपल्या रक्तात काही वेगळं आहे याची तिला कधी चाहूलही लागत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात मलेरिया होतो, प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. डोळे पिवळे दिसतात, जिना चढताना दम लागतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने त्याच गोळ्या, त्याच मात्रेत घेतलेल्या असतात आणि तो ठणठणीत असतो.

याचं कारण कसं शोधलं गेलं, ती हकिगत विलक्षण आहे, आणि अस्वस्थ करणारीही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला मलेरियावर नवी औषधं हवी होती. १९४४ पासून इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कैद्यांना मुद्दाम मलेरियाचे डास चाववून औषधांच्या चाचण्या सुरू केल्या. कैद्यांची लेखी संमती घेतली जात होती. पण तुरुंगाच्या भिंतीआड दिलेल्या होकाराला मोकळ्या माणसाचा होकार म्हणता येईल, असं मला वाटत नाही. पुढे न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा बचाव पक्षाने याच प्रयोगांकडे बोट दाखवलं होतं. हे ज्ञान ज्यांच्या शरीरावर मिळवलं गेलं त्यांचं ऋण विसरून त्याचं कौतुक करू नये.

या चाचण्यांत दिसलं की प्रायमाक्विनने काही जणांच्या, त्यातही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कैद्यांच्या, तांबड्या पेशी भराभर फुटतात. प्रश्न असा होता की दोष कुठे आहे. या माणसांच्या यकृतात औषधाचं काही विषारी रूपांतर होतं का, की त्यांच्या तांबड्या पेशीच मुळात नाजूक आहेत? शिकागोच्या गटाने यावर एक सुंदर प्रयोग केला. औषध न सोसणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून त्या निरोगी माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या, पाहुण्या पेशी फुटल्या. मग उलट केलं. निरोगी माणसाच्या पेशी औषध न सोसणाऱ्याच्या शरीरात सोडल्या, तर त्या औषधाला पुरून उरल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. हे १९५४ चं काम. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या पेशींत कमी पडणारं नेमकं एन्झाइम शोधलं, ते म्हणजे जीसिक्सपीडी. औषध आणि अनुवंश यांच्या नात्याचं एक वेगळं शास्त्र होऊ शकतं, ही कल्पना ज्या थोड्या शोधांवर उभी राहिली त्यांत याचा मान मोठा आहे.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांनी टिपली. ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अचंबित करणारी वाटते. रोजच्या ३० मिलिग्रॅम गोळीने हिमोग्लोबिन घसरलं, पण औषध बंद न करताही काही दिवसांनी घसरण थांबली आणि रक्त पुन्हा भरू लागलं. औषध तेच, माणूस तोच, मग आता पेशी का फुटत नव्हत्या? उत्तर पेशीच्या वयात होतं. तांबडी पेशी रक्तात उतरण्यापूर्वी आपलं केंद्रक टाकून देते, कारण तिला हिमोग्लोबिनसाठी जागा हवी असते. केंद्रक गेलं की जनुकं गेली, आणि नवं एन्झाइम घडवायची सोयही गेली. जन्मताना जी शिदोरी बरोबर घेतली तिच्यावरच पुढचे सुमारे १२० दिवस काढायचे. निरोगी पेशीतलं जीसिक्सपीडी निम्म्यावर यायला साधारण ६२ दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या कमजोर प्रकारात ते १३ दिवसांतच निम्मं होतं. त्यामुळे तरुण पेशींत एन्झाइम पुरेसं असतं, म्हाताऱ्या पेशी मात्र रिकाम्या झालेल्या असतात. औषधाने बळी घेतला तो म्हाताऱ्या पेशींचा. त्या संपल्या, मज्जेतून ताज्या पेशी आल्या आणि घसरण थांबली.

सगळ्यांनाच ही सवलत मिळत नाही. भूमध्य समुद्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात एन्झाइम इतकं अल्पायुषी असतं की तरुण पेशीही उघड्या पडतात. हा प्रकार मुंबईच्या पारशी समाजात बराच आढळतो. ओडिशाच्या नावाचा तिसरा प्रकार आदिवासी समाजांत अधिक दिसतो. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना बाकल्याचे दाणे खाऊन काही जणांना कावीळ होते हे फार पूर्वीपासून माहीत होतं. त्यामागेही हेच एन्झाइम निघालं.

हे एन्झाइम नेमकं करतं काय? तांबडी पेशी दिवसरात्र प्राणवायू वाहते, आणि प्राणवायू हा जिवंत पेशीला जाळणाराही असतो. ही झीज भरून काढण्यासाठी पेशीला ग्लुटाथायोन लागतं. ग्लुटाथायोन पुन्हापुन्हा ताजंतवानं करायला एनएडीपीएच लागतं. इतर पेशींकडे ते मिळवायचे दोन-तीन मार्ग असतात. तांबड्या पेशीकडे एकच मार्ग आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर जीसिक्सपीडी बसलेलं असतं. प्रायमाक्विनची रूपांतरं, बाकल्यातली द्रव्यं किंवा कुष्ठरोगावरचं डॅप्सोन पेशीवर हा ताण एकदम वाढवतात. एन्झाइम अपुरं असेल तर हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटतात आणि पेशी फुटते.

मग इतका घातक वाटणारा दोष जगात ४० कोटींहून अधिक लोकांत टिकला कसा? नकाशा पाहिला की संशय येतो. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया: जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया मुक्कामाला होता तिथेच ही कमतरता दाट आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास थॅलेसेमियाबद्दल असा तर्क मांडला होता की मलेरियाने मरणाऱ्यांच्या गर्दीत रक्ताचा सौम्य दोष असलेले तगत असावेत. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तोच तर्क पुढे आर्नो मोटुल्स्की आणि अँथनी अ‍ॅलिसन यांनी जीसिक्सपीडीला लावला, आणि तो टिकला. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो आणि तिच्यावर तोच ताण आणतो. कमजोर पेशी लवकर मोडते आणि परजीवीची वाढ पुरी होण्याआधीच तिची विल्हेवाट लागते. पेशीची दुर्बलता माणसाला वाचवते. खाडीकाठच्या कोळ्यांच्या रक्तात, पारशांच्या रक्तात, ओडिशाच्या जंगलांतल्या माणसांच्या रक्तात हा एकच उपाय निरनिराळ्या अक्षरांत स्वतंत्रपणे लिहिला गेला आहे, हे कळल्यावर मी तरी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

पेच असा की ज्या भागांत ही कमतरता जास्त, तिथेच प्रायमाक्विनची गरजही जास्त. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात निजून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. क्लोरोक्विन रक्तातल्या परजीवीला मारतं. यकृतातल्या निजलेल्यांपर्यंत पोचतं ते प्रायमाक्विनसारखं औषध. म्हणून आपल्याकडे या मलेरियासाठी ते १४ दिवस दिलं जातं. गरोदर स्त्रिया आणि वर्षाच्या आतली बाळं यांना ते देत नाहीत. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे किंवा ओठ निळसर दिसले, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक रुग्णाला सांगायला हवं. गोळ्यांची पट्टी हातात देताना एवढी दोन वाक्यं बोलली गेली तर जीव वाचतो, म्हणून ती टाळणं मला अक्षम्य वाटतं.

औषधाशिवायही हा दोष घरात डोकावतो. आपल्याकडे बाळासाठी आजीच्या ट्रंकेतली मऊ दुपटी आणि गोधड्या निघतात, आणि त्यांत वर्षभर डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. या गोळ्यांतलं नॅप्थलीन बाळाच्या श्वासातून, त्वचेतून आत जातं. जीसिक्सपीडी कमी असलेल्या नवजात बाळाच्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा व्हावी. म्हणून ते कपडे आधी धुऊन उन्हात चांगले वाळवावेत, आणि बाळाच्या कपाटात या गोळ्या ठेवूच नयेत. मधुमेहाच्या तपासणीतही हे एन्झाइम लुडबुड करतं. एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशीवर तीन महिन्यांत साचलेली साखर मोजते. पेशीच लवकर संपत असतील तर साखर साचायला वेळ मिळत नाही आणि आकडा खोटा दिलासा देतो.

स्त्रियांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एकच एक्स, म्हणून त्याचं एन्झाइम एक तर चांगलं किंवा कमजोर. स्त्रीकडे दोन एक्स असतात, पण गर्भावस्थेतच तिची प्रत्येक पेशी त्यांतला एक निजवून टाकते, आणि कोणता ते नशिबावर असतं. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांवरून ही कल्पना मांडली. माणसात ती सिद्ध करायला अर्नेस्ट बॉयटलर यांनी १९६२ मध्ये हेच एन्झाइम वापरलं. एका एक्सवर दोष असलेल्या स्त्रीच्या नसांतून दोन प्रकारच्या तांबड्या पेशी एकत्र वाहत असतात: काही पूर्ण सशक्त, काही पूर्ण कमजोर. कुणात हे प्रमाण अर्धंअर्धं, कुणात पार झुकलेलं. नेहमीच्या साध्या तपासणीत अशी स्त्री अनेकदा ‘नॉर्मल’ ठरते.

आता ही बाब फार महत्त्वाची झाली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत टॅफेनोक्विन या औषधाला मान्यता मिळाली. चौदा दिवसांऐवजी एकाच वेळी घ्यायचा डोस, म्हणजे गोळ्या अर्ध्यावर सोडायचा प्रश्नच नाही. पण प्रायमाक्विन आज थांबवलं तर उद्यापर्यंत शरीरातून बरंचसं जातं. टॅफेनोक्विन निम्म्यावर यायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. एकदा गिळलं की परत घेता येत नाही. म्हणून ते देण्याआधी रंग पाहून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणारी तपासणी पुरत नाही. एन्झाइम प्रत्यक्ष मोजावं लागतं, आणि ते नेहमीच्या पातळीच्या ७० टक्क्यांहून अधिक भरलं तरच औषध द्यायचं असतं.