इअरबड्स बिघडलेले नसतात

बार्शी तालुक्यातल्या वैरागमध्ये घरी बसून पुण्याच्या कंपनीची मुलाखत देता येते. लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि कानात ब्लूटूथ इअरबड्स, एवढं पुरतं. पण कॉल सुरू होताच समोरच्याचा आवाज डब्यातून बोलल्यासारखा येऊ लागतो आणि मुलाखत संपली की पोरं इअरबड्स घेऊन दुकान गाठतात. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो.

गैरसमज : गाणी छान वाजतात, कॉलवर आवाज बसतो, म्हणजे इअरबड्स बिघडले.

वस्तुस्थिती : नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. गाण्यांसाठी एटूडीपी. ती एकाच दिशेने चालते, पण स्टिरिओ देते. बोलण्यासाठी एचएफपी. ती दोन्ही दिशांनी चालते, मात्र आवाज मोनो होतो आणि सेकंदाला 8,000 किंवा 16,000 नमुन्यांवर येतो. गाण्यासाठी हाच आकडा साधारण 44,100 असतो. इअरबड्सचा माइक उघडला की लॅपटॉप पहिली पद्धत सोडून दुसरी धरतो. स्वतः करून बघा. गाणं लावा, व्हॉइस रेकॉर्डर उघडा, इअरबड्सचा माइक निवडून रेकॉर्ड दाबा. गाणं तिथल्या तिथे बसेल. रेकॉर्डिंग थांबवा, थोड्या वेळात पूर्ववत होईल.

विंडोज 10 मध्ये एकाच इअरबड्सची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसतात, ती याचमुळे. विंडोज 11 मध्ये नाव एकच दिसतं, अदलाबदल आतल्या आत होते.

उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या ॲपमधल्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड्स ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऐकणं कानातच असल्यामुळे आवाज घुमत नाही. घरात गलका असेल तर माइकवाला वायरचा साधा इअरफोन लावा. मुलाखतीसाठी मी तोच सुचवेन.

गैरसमज : डब्यावर ब्लूटूथ 5.3 छापलंय, म्हणजे माइकही भारी.

वस्तुस्थिती : या आकड्यावरून माइकचा दर्जा कळत नाही. कॉलवर आवाज बसण्याची अडचण दूर करू शकणारं तंत्र म्हणजे एलई ऑडिओ. त्याची पायाभरणी ब्लूटूथ 5.2 मध्ये झाली, पण ते ऐच्छिक आहे. इअरबड्स, लॅपटॉप आणि विंडोज तिन्हींना ते चालत असेल तरच उपयोग.

गैरसमज : माइक अजिबातच चालत नाही, म्हणजे विंडोज नव्याने टाकायला हवं.

वस्तुस्थिती : आधी परवानगी बघा. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. मीटिंग ब्राउझरमध्ये असेल तर त्या साइटला वेगळी परवानगी लागते. खिशातल्या मोबाइलने इअरबड्स धरून ठेवलेत का, तेही बघा आणि मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा.

गैरसमज : आवाज तुटतो, म्हणजे बॅटरी गेली.

वस्तुस्थिती : ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि हॉटस्पॉटचं वायफायही अनेकदा तिथेच असतं. दोघांची गर्दी होते. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर घ्या, किंवा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा.

नवे इअरबड्स घेण्याआधी एवढं करून पाहा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याच ॲपवर मित्राला कॉल लावा आणि तुमचा आवाज कसा येतो, हे त्याच्याकडूनच विचारून घ्या.