एकच सामना फ्री डिशवर मोफत, केबलवर पैसे का?

नाशिकच्या सिडकोतील एका घरात भारताचा टी-२० सामना डीडी फ्री डिशवर मोफत दिसतो. शेजारच्या केबलवर मात्र त्यासाठी सशुल्क क्रीडा वाहिनी घ्यावी लागते. असे का?

२००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्क घेतलेल्या वाहिनीला प्रसारभारतीला द्यावे लागते. त्यावरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाहिनीचा वाटा ७५ टक्के, प्रसारभारतीचा २५.

मात्र ही सवलत दूरदर्शनचे अँटेनावरील प्रसारण आणि फ्री डिशपुरतीच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केले. केबल, खासगी डीटीएचवरही सामना मोफत दिसला, तर सशुल्क वाहिनी घेणार कोण?

आयपीएल या यादीत नाही. त्यामुळे पॅक घेण्याआधी ठरवा : फक्त भारताचे सामने हवेत, की आयपीएलही?