बोले ठराव : आमदाराने ठरावानंतर काय केले?

वर्गात महाडच्या सत्याग्रहाचा विषय निघाला की मुले उत्साहाने हात वर करतात. चवदार तळे, २० मार्च १९२७, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सगळे पाठ असते. मग आम्ही विचारतो, "पण ते तळे सर्वांसाठी खुले करावे, असा ठराव कायदेमंडळात कोणी मांडला होता?" वर्ग गप्प होतो. खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही हाच प्रश्न विचारला तर फार वेगळे चित्र दिसत नाही.

ते नाव होते रावबहादूर सीताराम केशव बोले. भंडारी समाजात जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये वावरले. १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी ते एक. तरुण भीमराव मॅट्रिक पास झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. पुढे बोले मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सभासद म्हणून गेले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारस हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळी कायदेमंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, सरकारला केलेली विनंती. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खात्यांच्या प्रमुखांना तसे आदेश दिले. विहीर मात्र नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या ताब्यात, आणि तिथे बसलेली माणसे गावचीच. मुंबईचा कागद गावच्या काठावर येऊन थांबत होता.

काही ठिकाणी तो पुढे सरकला. महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी एकाही दलित माणसाने तिथे ओंजळ भरल्याचे दिसले नाही. हक्क होता, पण धाकही होता.

आम्हाला बोले मोठे वाटतात ते इथून पुढे. बहुतेक पुढारी ठराव मंजूर झाला की हार घालून घेतात आणि घरी जातात. बोले तीन वर्षांनी, ऑगस्ट १९२६ मध्ये, पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड १९२३ चा ठराव पाळणार नाही, तिला सरकारने अनुदान देऊ नये, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. केवळ उपदेश ऐकला जात नाही हे त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी पैशाच्या नाडीवर बोट ठेवले.

पुढची गोष्ट आपण जाणतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. तेव्हा काहींनी महाडमधील मुस्लिम घरांत आसरा घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. घराघरांत या दोन गोष्टी मुलांना सांगायला हव्यात. शेजारधर्म म्हणजे काय, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता एक तारीख पाहा. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला तोही ४ ऑगस्टलाच, वर्ष १९२७. मिळालेला हक्क चार हात वर करून काढून घेता येतो, हे त्या दिवशी दिसले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने निकाल दिला. बोले यांच्या पहिल्या ठरावापासून मोजले तर जवळजवळ चौदा वर्षे. ओंजळभर पाण्यासाठी.

निवडणूक आली की आपल्या मोहल्ल्यातही उमेदवार येतात. शादीखाना, कब्रस्तानची भिंत, गटार, शाळेची खोली, सगळ्याचे आश्वासन मिळते. घरातली वडीलधारी मंडळी चहा पाजतात, मान डोलावतात. आमची विनंती एवढीच की, चहा जरूर पाजा, पण विचारा, "साहेब, मागच्या वेळी तुम्ही सभागृहात काय मांडले? ते मंजूर झाल्यावर अंमल झाला की नाही, हे पाहायला परत कधी गेलात?" आणि हा प्रश्न घरातल्या मुलींनाही विचारू द्या. पाण्याची रांग त्याच लावतात.

पुढच्या खेपेला वर्गात आम्ही बाबासाहेबांच्या नावाखाली बोले यांचे नाव लिहिणार आहोत, आणि त्याखाली फत्तेखान यांचे. मुलांनी वहीत उतरवून घेतले की ते घरी पोचेल.