पिकअप गरम का होते? आधी निदान, मग खर्च

कापडाच्या धंद्यात माल घेणे-विकणे जमले तरी तो वेळेवर पोहोचवणे हे वेगळेच काम असते. आपल्यापैकी बऱ्याच लहान व्यापाऱ्यांकडे आता स्वतःची एक पिकअप असते, तीही हप्त्यावर. अशी गाडी ऐन उन्हाळ्यात घाटात उभी राहिली म्हणजे माल अडकतो, गिऱ्हाईक नाराज होते आणि मिस्त्रीचे बिल वेगळे.

आमची गाडी भिवंडीहून सुताच्या गोण्या घेऊन मालेगावला येत होती. कसारा घाट चढताना मध्येच काटा लाल रेषेला लागला. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, पाणी उकळतंय. पुढे नेऊ का थांबू?" मी थांबायला सांगितले. माल दुसऱ्या गाडीत भरून आणावा लागला. गॅरेजवाला म्हणाला, रेडिएटर गेला. नवा बसवला. पंधरा दिवसांनी त्याच घाटात तोच प्रकार. मग वॉटर पंप बदलला. तिसऱ्यांदा गाडी तापली तेव्हा मी सगळा राग ड्रायव्हरवर काढला. पाणी बघत नाहीस, इंजिन ओढतोस, असे बोललो आणि त्याच्या पगारातून पैसेही कापले.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पाच मिनिटांत मर्ज सांगितला. नव्या रेडिएटरवर जुनेच झाकण बसवलेले होते आणि त्याचे रबर कडक होऊन चिरले होते. दोन मोठे खर्च फुकट गेले. ड्रायव्हरचे पैसे त्याला परत दिले. दिलगिरी व्यक्त करायला मात्र मला दोन दिवस लागले.

एवढ्याशा झाकणाने काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. साधारण ०.९ बारचे झाकण असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने दाब सोडला की चढावर पाणी लवकर उकळते, बाटलीतून बाहेर उडते, आणि उरलेले पाणी आणखी लवकर तापते. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत हा दोष दिसतच नाही. याच झाकणात गाडी थंड होताना बाटलीतले पाणी परत ओढून घेणारा लहान वॉल्व्हही असतो. सकाळी होज पाइप चपटा झालेला दिसला तर तो वॉल्व्ह अडकला आहे असे समजावे.

तेव्हा पहिला प्रश्न "काय बदलू?" असा नसून "गाडी केव्हा गरम होते?" असा आहे.

नाक्यावर, गर्दीत उभी असताना गरम होते आणि चालू लागली की थंड होते, तर पंख्याकडे बघा. बेल्ट ढिला असेल किंवा पंख्याचा क्लच गेला असेल. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले किंवा सेन्सर तपासा.

उभी असताना ठीक, पण माल भरून पळताना किंवा चढावर काटा वर जातो, तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. आतून बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर बसतो. बाहेरून काय बसते ते आपल्या गावातल्या लोकांना सांगायला नको. यंत्रमागांच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या जाळीत रुईचे तंतू जातात, त्यावर धूळ बसते आणि नमदा तयार होतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने पत्र्या वाकतात. ब्रेक चिकटून चालत असले किंवा माल पासिंगपेक्षा जास्त भरला असला तरी हीच लक्षणे दिसतात, हेही कबूल केले पाहिजे.

गाडी सुरू करून थोड्याच अंतरात काटा चढला आणि वरचा होज पाइप मात्र थंड लागला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून बघता येतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. त्याने इंजिन थंड चालते, डिझेल जास्त जाते, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून फिरल्यामुळे गाडी उलट जास्त तापते.

सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे कुठे थेंब दिसत नाही, तरी पाणी कमी होते. थंड इंजिनाचे झाकण उघडून गाडी सुरू करा. बुडबुडे सतत येत राहिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइल दुधाळ झाले, तर हेड पॅकिंग गेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी मालासह रस्त्यावर काढू नये.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करावा, हीटर असेल तर चालू करावा आणि गाडी बाजूला घ्यावी. पाणी वाहून गेले असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर इंजिन लगेच बंद. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येतो. ते बघून गाडी थंड झाली असे समजणारे ड्रायव्हर इंजिन जाम करून बसतात. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये, हात-तोंड भाजते. वरचा पाइप दाबून मऊ लागला तरच जाड फडके धरून झाकण हळू सोडावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

आमच्या गाडीत आता एक वही असते. कुठे गरम झाली, माल किती होता, चढ होता की गर्दी, किती पाणी घातले, हे ड्रायव्हर तिच्यात लिहितो. मिस्त्रीकडे गेल्यावर मी बोलत नाही, वही पुढे करतो.