दफ्तरखान्यात जन्मलेले निशाण

मिलानहून बोलोन्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला पार्मा आणि मोदेना यांच्या मध्ये रेज्जो एमिलिया नावाचे शहर लागते आणि बहुधा तो तेथे उतरत नाही. कारण व्हेनिसचे कालवे, फ्लॉरेन्सची चित्रशाळा किंवा रोमचे भग्न वैभव यांपैकी त्या शहरापाशी काहीच नाही, आणि परदेशी माणसाला त्याची वार्ता असलीच तर ती तेथल्या प्रसिद्ध चीजमुळे. परंतु आज इटलीच्या प्रत्येक सरकारी कचेरीवर जे हिरवे-पांढरे-तांबडे निशाण फडकते, त्याचा पहिला ठराव याच आडबाजूच्या शहरात, नगरपालिकेच्या प्रासादातील एका सभागृहात मंजूर झाला.

'साला देल त्रिकोलोरे' या नावाने ओळखले जाणारे हे दालन वास्तुशिल्पी लोदोविको बोलोन्यीनी याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले, ते मुळी सभेसाठी नव्हेच, तर तेथे राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याच्या डचीचे दफ्तर सुरक्षित राहावे म्हणून. भोवतीचे कोरीव स्तंभ आणि एकावर एक चढत गेलेले सज्जांचे तीन मजले पाहिले, की ज्या जागी राजघराण्याच्या सनदा आणि हिशेबांचे रुमाल रचले जावयाचे, तेथे त्याच घराण्याची सत्ता नाकारणारे लोक येऊन बसले, हा विधिविलास मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

१७९६ साली नेपोलियनच्या सैन्याची चाहूल लागताच एस्ते घराण्याचा ड्यूक एर्कोले तिसरा व्हेनिसला निघून गेला. ऑगस्टात रेज्जोच्या नागरिकांनी त्याचा अंमल झुगारून दिला. आणि वर्षअखेरीस बोलोन्या, फेरारा, मोदेना व रेज्जो या चार शहरांच्या प्रतिनिधींची परिषद या दालनात भरली. या शहरांनी मिळून केलेल्या, पो नदीच्या दक्षिणेकडील 'चिस्पादाना' प्रजासत्ताकामागे फ्रेंच तोफांचे बळ होते, हे लपविण्यात अर्थ नाही. नेपोलियनच्या मर्जीबाहेर त्याला फारसे अस्तित्व नव्हते.

७ जानेवारी १७९७ रोजी लूगो गावचे प्रतिनिधी, धर्मोपदेशकाची वस्त्रे उतरवून राजकारणात शिरलेले जुझेप्पे कोम्पान्योनी, बोलावयास उठले. प्रजासत्ताकाचे चिन्ह सार्वभौमत्वाच्या सर्व नेहमीच्या जागी लावावे, तिरंगी निशाण सार्वत्रिक करावे आणि त्याच तीन रंगांचे फीतफूल प्रत्येकाने अंगावर वागवावे, असे त्यांनी सुचविले. इतिवृत्तात यापुढे ठराव मंजूर झाल्याची कोरडी नोंद आहे. तिच्यात वक्तृत्वाचा लवलेशही नाही, आणि मला तर तेच अधिक विश्वसनीय वाटते.

त्या निशाणाचे पट्टे आजच्यासारखे उभे नसून आडवे होते: वर तांबडा, मध्ये पांढरा, खाली हिरवा. मधल्या पट्ट्यावर बाणांचा भाता असून त्यात चार शहरांचे चार बाण होते. हिरवा म्हणजे मैदाने, पांढरा म्हणजे आल्प्सचे हिम, तांबडा म्हणजे हुतात्म्यांचे रक्त, हे विवरण पुढे रूढ झालेले असून शाळकरी मुलांपुरते ठीक आहे. हे रंग त्या आधीच, १७९६ च्या शरदात, लोम्बार्द पलटणीच्या निशाणावर आले होते, आणि त्यांतील हिरवा मिलानच्या नगररक्षकांच्या गणवेषाचा रंग होता.

निशाण करणारे प्रजासत्ताक वर्षभरही टिकले नाही. १७९७ सालीच ते चिसाल्पीना प्रजासत्ताकात विलीन झाले. निशाण मात्र राहिले. मात्सीनीच्या 'तरुण इटली' या संघटनेने ते उचलले, १८४८ साली सार्देन्याच्या कार्लो आल्बेर्तो राजाने त्यावर आपल्या सावोया घराण्याची ढाल चढविली, आणि जून १९४६ मध्ये जनतेने राजपद रद्द केल्यावर ती ढाल उतरली. पुढे राज्यघटनेच्या कलम १२ ने सध्याचे उभे पट्टे कायम केले.

कोम्पान्योनींच्या लूगो गावाशी मराठी माणसाचाही एक संबंध आहे. गावाच्या पूर्वेला वाहणाऱ्या सेन्यो नदीवर दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई नामदेव जाधव याने मशिनगनच्या माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यापलीकडे सुखरूप नेले, पुन्हा परत येऊन शत्रूच्या मशिनगनचे मोर्चे शांत केले, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निमज या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्याचा हा पुत्र ज्या भूमीच्या मुक्ततेसाठी लढला, तिच्या निशाणाचा प्रस्तावक त्याच परिसरात जन्मला होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते.

रोममध्ये राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या स्मारकाचा अवाढव्य शुभ्र संगमरवर पाहून पुष्कळांचे डोळे दिपतात. माझे मत विचाराल तर इटलीच्या राष्ट्रजीवनाची खरी ओळख रेज्जोच्या या दालनात अधिक होते. दर ७ जानेवारीला देशात निशाणदिन पाळतात, आणि लगतच्या संग्रहालयात तिरंग्याचा सारा इतिहास मांडलेला आहे. मिलान-बोलोन्या मार्गावरून जाणाऱ्या वाचकाने अर्धा दिवस काढून येथे अवश्य उतरावे; मात्र निघण्यापूर्वी दालन उघडे असल्याची चौकशी करावी, कारण शहराची नगरपरिषद आपल्या बैठका आजही तेथेच भरविते.