उसाचा ट्रक : इंजिनावर पैसा कुठे घालावा?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्यापैकी ज्यांचे ट्रक उसावर आहेत ते गाड्या घेऊन नागपुरात वाडीकडच्या गॅरेजांत जातात. तेथे एक सल्ला हमखास मिळतो : "भाऊ, पंप जरासा वाढवून घ्या न, भरल्या मालात गाडी कशी पळते ते पाहा!" हा सल्ला केवळ ट्रकमालकाच्या खिशाचा आहे असे आम्ही मानत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो, आणि वाटेत गाडी बसली तर तोडलेला ऊस वाळून वजनही जाते व उताराही. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

पंप वाढवणे म्हणजे इंजेक्शन पंपाचा स्क्रू फिरवून दर स्ट्रोकला जास्त डिझेल सोडणे. पण डिझेल जळायला हवा पाहिजे. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले, तर वाढलेल्यातले बरेचसे अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर जाते. तो धूर नव्हे, आपण पंपावर मोजलेले पैसे होत! शिवाय एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनला इजा होते. त्यात नागपूरचे ऊन. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला आधीच दम कमी पडतो. हंगाम लांबला की उन्हाळ्यात वाढवलेल्या पंपाची गाडी चढावर पाणी उकळवते ती यामुळेच.

मग टर्बो? जुन्या मंडळींना 'टाटा १२१०' आठवत असेल. १२ म्हणजे टन आणि १० म्हणजे सुमारे १०० अश्वशक्ती, असा त्या नावाचा हिशेब. पुढे १६१२ आली. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि इंटरकूलर ती हवा थंड करून दाट करतो. तत्त्व उत्तमच आहे. परंतु कंपनीने टर्बो दिला तेव्हा पिस्टन, ऑइलची वाट, रेडिएटर सारे त्या बेताने केले. साध्या जुन्या इंजिनावर नुसता टर्बो चढवला तर क्लच आणि गिअरबॉक्सही कुरकुरतात. त्या खर्चात थोडी भर घालून कंपनीच्या टर्बोची चांगली जुनी गाडी पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत स्क्रू नाही, संगणक आहे. 'चिप करून देतो, युरियाची कटकट काढून देतो' म्हणणारे पुष्कळ. तसे केले की वॉरंटी गेली, पीयूसी अडले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मान्यतेवाचून असे बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडण वेगळेच.

तर काय करावे? पहिले काम एअर फिल्टरचे. उसाच्या वावरातल्या धुळीने तो केव्हा बुजतो ते कळतही नाही, आणि त्याच्यामुळे इंजिन गुदमरते. नोझल टेस्टिंग बेंचवर तपासून घ्यावेत, टॅपेट बसवावेत, पंप वाढवायचा नाही तर कंपनीच्या मापावर कॅलिब्रेट करायचा. रेडिएटर आतून-बाहेरून धुवावा. पुष्कळांची 'ताकद गेली' म्हणून आणलेली गाडी एवढ्यावरच सुधारते. मग टायरची हवा पाहावी. ती कमी असली तर डिझेल उगाच जळते.

खरोखर बदल करण्याजोगी एकच गोष्ट आम्हाला दिसते, ती म्हणजे क्राऊन-पिनियन. गाडी नेहमी वावर, कच्चा रस्ता आणि कारखाना एवढीच फिरत असेल, तर ओढीचे गुणोत्तर कामाला येते. हायवेवर दूरचे भाडे मारायचे असेल तर मात्र तेच गुणोत्तर डिझेल खाते. हा बदलही कंपनीच्या डीलरला विचारून व आरटीओत चौकशी करूनच करावा.

एक आणखी. २०१८ मध्ये दहा टायरी ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले, पण जुन्या गाडीला ते आपोआप लागू होत नाही. आरसी बुक पाहावे, मगच मोळ्या चढवाव्यात. ज्यांचे पंप मागेच वाढवलेले आहेत त्यांनी ते दिवाळीआधी मूळ मापावर आणून घ्यावेत. दिवाळीनंतर बेंचवर नंबर लागत नाही.