प्रवाळभित्तीवरील रंगीत चपटे कृमी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत पसरलेल्या ग्रेट बॅरिअर रीफवर मृत प्रवाळाचा एखादा खडक उलथून पाहिला असता, जांभळ्या, नारिंगी अथवा काळ्याभोर अंगाचा, पिवळ्या काठाचा आणि कागदासारखा पातळ असा एक जीव त्याच्या तळाशी संथपणे सरकताना कधी कधी आढळतो. हा पॉलिक्लॅड गणातील चपटा कृमी होय. रचना अत्यंत साधी आणि रूप अत्यंत भपकेदार, या विसंगतीमुळे त्याच्याविषयी अनेक भ्रम रूढ झाले आहेत.

गैरसमज: ही समुद्री गोगलगायच आहे.
वस्तुस्थिती: न्यूडिब्रँक नावाच्या बिनशंखी गोगलगाईंशी याचे रंगसाम्य निकटचे असले, तरी त्या मृदुकाय संघातील आणि हा पृथुकृमी संघातील. गोगलगाईच्या मस्तकावरील शृंगिका स्वतंत्र इंद्रिये असतात. याची शिंगे म्हणजे शरीराच्या पुढील कडेला पडलेल्या नुसत्या चुण्या. तथापि हे साम्य सर्वस्वी आकस्मिक नव्हे. स्यूडोसेरॉस इमिटेटस ही जाती फायलिडिएला पुस्टुलोसा या बेचव गोगलगाईची हुबेहूब नक्कल करते.

गैरसमज: पट्टकृमीचा हा भाऊबंद, म्हणून परोपजीवीच असणार.
वस्तुस्थिती: संघ एक असला, तरी चरितार्थ निराळा. पॉलिक्लॅड बहुधा स्वतंत्रपणे वावरणारे मांसाहारी असून, अनेक रंगीत जाती खडकाला चिकटलेल्या ॲसिडियन प्राण्यांवर आपली चुणीदार ग्रसनी बाहेर काढून पसरतात आणि त्यांना गिळतात. हृदय नाही, रक्त नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू त्वचेतूनच आत झिरपतो, आणि अन्न पोहोचविण्याचे काम सर्वांगात फाटे फुटलेले आतडे करते. गुदद्वार नसल्याने उत्सर्गही मुखावाटेच होतो. असा कारभार चालावयाचा, तर देहाचा कोणताही कण पृष्ठभागापासून दूर असून भागत नाही. सबब चपटेपणा ही या प्राण्याची जीवनावश्यक अट ठरते.

गैरसमज: हे रंग जोडीदाराला भुलविण्यासाठी आहेत.
वस्तुस्थिती: त्याचे नेत्रबिंदू उजेड आणि अंधार एवढाच भेद जाणतात, जोडीदाराचे सौंदर्य त्याला दिसतच नाही. भडक रंग ही माशांना दिलेली ताकीद असावी, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. मात्र रंगावरून विषाचे अनुमान बांधू नये. केंड माशातील टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष प्लॅनोसेरासारख्या मातकट चपट्या कृमींतही सापडले आहे.

गैरसमज: कापल्यास प्रत्येक तुकड्यापासून नवा कृमी तयार होतो.
वस्तुस्थिती: ही ख्याती गोड्या पाण्यातील प्लॅनेरियाची. पॉलिक्लॅडला मेंदू शाबूत असेतोवर तुटलेला भाग पुन्हा फुटतो. मेंदूवाचून नवे मस्तक सहसा उगवत नाही.

गैरसमज: उभयलिंगी असल्याने त्यांचा समागम निर्वेध होतो.
वस्तुस्थिती: स्यूडोसेरॉस बायफर्कस या जातीच्या निरीक्षणांवरून निको मिखिएल्स आणि लेस्ली न्यूमन यांनी १९९८ साली 'नेचर' नियतकालिकात याच्या नेमका उलट दाखला दिला. दोन कृमी समोरासमोर उभारून आपले टोकदार शिश्न दुसऱ्याच्या त्वचेत खुपसू पाहतात आणि त्याच वेळी स्वतःवरचा वार चुकवितात. कारण जखम भरून काढण्याचा आणि अंडी पोसण्याचा खर्च वीर्य स्वीकारणाऱ्याच्या माथी पडतो. एका देहात दोन्ही लिंगे नांदल्याने त्यांच्या हितसंबंधांचा तंटा मिटत नाही; तो प्रत्येक भेटीत नव्याने लढावा लागतो.